रडण्याची बॅच, फी आगाऊ

एप्रिल संपत आला की सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाणीकपातीच्या नोटिशीवरच एक गुळगुळीत पत्रक चिकटतं. बालअभिनय कार्यशाळा. वय 4 ते 14. खाली अभ्यासक्रम : आवाजाची फेक, देहबोली, नवरस, ऑडिशन कशी द्यावी. आणि शेवटून दुसरा मुद्दा, तोही ठळक टायपात : ‘रडणे (ग्लिसरिनशिवाय)’.

बाकीचं सोडून देता येईल. दहा दिवसांत नवरस, म्हणजे रोज एक रस आणि दहाव्या दिवशी प्रमाणपत्र, हा हिशेब तर चोख आहे. शांतरस नेमका कुठल्या दिवशी असतो आणि त्या दिवशी चाळीस पोरांच्या हॉलमध्ये काय चालतं, हेही विचारायला नको. पण तो कंस?

चार वर्षांचं मूल ग्लिसरिनशिवायच रडतं. जन्माला आल्या क्षणापासून रडतं, आणि नाही रडलं तर डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळतं. पुढची चार वर्षं आईबाप त्याचं हे अंगचं कसब मोडून काढण्यात घालवतात. चॉकलेट, मोबाइल, ‘तो बघ पोलीस आला’, ‘मुलगे असे रडतात का?’ एवढं सगळं करून पोरगं एकदाचं गप्प बसलं, की त्याला रिक्षात घालून कार्यशाळेला नेतात आणि आगाऊ फी भरून पुन्हा रडायला शिकवतात.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालक बसलेले असतात. आत पोरं रडतात आणि बाहेर प्रगतीची चर्चा चालते. एकीची मुलगी तीन मिनिटांत रडते. दुसरीचा मुलगा रडतो छान, पण नाक आधी वाहतं आणि क्लोजअप वाया जातो. तिसऱ्या घरी चिंता वेगळीच : डाव्या डोळ्यातून येतं, उजवा कोरडा. सर म्हणतात, आतून यायला हवं. आतून यावं म्हणून सर डोळे मिटायला लावतात आणि हळू आवाजात सांगतात, समजा तुझी आजी गेली. आजी त्या वेळी बाहेरच्याच खुर्चीवर डब्यातली पोळीभाजी मांडीवर घेऊन बसलेली असते. गृहपाठ रोजचा : दोनदा रडायचं, एकदा जेवणाआधी, एकदा नंतर, आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी ‘काय हो, कशाला मारताय पोराला?’ म्हणत दार वाजवतात, चौथ्या दिवशी ‘काल जास्त चांगलं झालं होतं’ म्हणून जातात, आणि दुसऱ्या आठवड्यात आपल्या नातीसाठी सरांचा नंबर मागतात. या सगळ्यात एखाद्या पोराचं खरंच पोट दुखलं आणि ते कळवळून रडलं, तर आई मोबाइल शोधायला धावते. औषध नंतर. आधी फोन आडवा धरायचा, उजेड समोरून घ्यायचा.

या वर्गांवर मराठीत विनोदी कादंबरी का येत नाही, असा प्रश्न पडतो. इंग्रजीत आहे. 1982 साली आलेल्या ‘अ‍ॅट फ्रेडीज’मध्ये 1960च्या दशकातल्या लंडनमधली बालनटांची एक मोडकळीला आलेली शाळा आहे. तिथे एक शिक्षक नोकरी मागायला येतो, आपल्याला शिकवता येत नाही हे स्वतःच सांगतो, आणि त्याला नोकरी मिळते. मराठी वाचकाला हे पटणार नाही. इतका प्रामाणिक माणूस आपल्याकडे पत्रकावर नाव छापून घ्यायला तयार होणार नाही. त्या कादंबरीत हसून झाल्यावर शेवटी मात्र एक पोर उरतं. नाटकातल्या राजपुत्राला तटावरून उडी मारायची असते, म्हणून ते अंधारात एकटंच उडीचा सराव करत राहतं, पुन्हा पुन्हा. तिथे लेखणी विनोद बाजूला ठेवते. आपल्याकडे अशा वेळी कोऑर्डिनेटर ‘वन मोअर’ म्हणतो.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण पत्रकात तो कुठेच नसतो. बालमजुरी कायद्याच्या 2016च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. अपवाद दोन. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या उद्योगाला हातभार, आणि सिनेमा, मालिका, जाहिराती यांतला कलाकार. सर्कस मात्र या अपवादात नाही. म्हणजे झोपाळ्यावरून लटकून पोराने लोकांना हसवायचं नाही. सोफ्यावर बसून, सावत्र आईच्या नावाने लोकांना रडवायला हरकत नाही.

2017च्या नियमांत बरंच काही लिहिलेलं आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग 27 दिवसांच्या पुढे काम नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. कमाईतली किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. उरलेली 80 टक्के कुठे जाते, हे विचारणं घरगुती शिष्टाचारात बसत नाही; पण पुढच्या वर्षीची ‘अ‍ॅडव्हान्स बॅच’ त्यातूनच भरली जात असावी, असा अंदाज बांधायला सी.ए. लागत नाही. पाच तासांत किती वेळा रडवायचं, यावर नियम गप्प आहे.

आणि इथे थट्टा पुरे. रात्री साडेआठच्या मालिकेत घराघरांतून जे पोरगं हुंदके देतं, त्याला तो प्रसंग कळलेलाच नसतो. घटस्फोट, बाहेरख्याली नवरा, मृत्युपत्र, विष घातलेली खीर, यातलं काय त्याच्या वयाचं आहे? मोठ्या माणसांनी लिहिलेलं भिकार भांडण पेलेनासं झालं, की मध्ये मूल उभं करायचं आणि त्याला रडवायचं, ही लेखकांची निव्वळ आळशी खोड आहे. एके काळी मे महिन्याच्या सुट्टीत पोरं नाटकाला जायची ती प्रेक्षक म्हणून. ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीला बघून किंचाळायची, खुर्चीवर उभी राहायची, मध्यंतरात बटाटेवडा खायची. रडायची ती नाटक संपलं म्हणून. आता प्रेक्षागृहात आईबाप आणि मंचावर चाळीस पोरं. प्रत्येकाची फी आलेली, म्हणून प्रत्येकाला एक वाक्य. चाळीस वाक्यांचं ते नाटक, आणि आपलं वाक्य आलं की तेवढ्यापुरते वर होणारे मोबाइल. दुसऱ्याच्या पोराचं वाक्य कुणी ऐकत नाही.

त्याच 2017च्या नियमांत आणखी एक ओळ आहे : मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय अशा कामात उतरवता येणार नाही. कार्यशाळेच्या फॉर्मवर पालकांच्या सहीची जागा असते, फोटोची असते, कपड्यांच्या आणि बुटांच्या मापाचीही असते. संमतीचा रकाना त्यावर नाही. तेव्हा पालकांनो, पैसे भरण्याआधी पोराला एकदा विचारून घ्या, आणि ते नाही म्हणालं तर ते नाहीच समजा.