असईचा उतार आणि माझं स्पॅनिश

जालना हे व्यापाऱ्यांचं गाव. इथं कुणी काही नवीन करायला घेतलं की लोक आधी विचारतात, "काहून?" आणि त्या 'काहून'च्या पोटात खरा प्रश्न असतो तो, 'सुटतं किती?' ज्या गावाला 'जालना, सोने का पालना' म्हणत आले, तिथं हे रास्तच आहे. त्यामुळं मी स्पॅनिश शिकायलोय ही बातमी मामा चौकातून नव्या मोंढ्यापर्यंत पोचली, तेव्हा व्याकरण राहिलं बाजूला आणि मला आधी जमाखर्च मांडावा लागला.

उत्तरं मी माणूस पाहून देतो. शेठजींना म्हणालो, "मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना, सगळीकडं हीच भाषा चालते. उद्या आपलं बियाणं तिकडं गेलं तर?" शेठजी म्हणाले, "गेल्यावर शिका की. आधीच कशाला भांडवल गुंतवता?" सासूबाईंना सांगितलं, नवी भाषा शिकली की म्हातारपणी डोकं तल्लख राहतं म्हणतात. त्या म्हणाल्या, "बरं झालं, म्हणजे दळण आणायचं लक्षात राहील." भाच्याला वाटलं मी 'मनी हाइस्ट' ही स्पॅनिश मालिका बघून बिघडलो. तो भेटला की 'बेला चाओ' म्हणून दाखवतो. ते गाणं इटालियन आहे, हे त्याला सांगायचा धीर मला होत नाही. फक्त न्हावी म्हणाला, "हौसेला मोल नसतं, साहेब." एवढं बोलून त्यानं मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि वस्तरा चालू ठेवला. आजवर इतकं समजून घेणारा माणूस मला भेटला नाही.

खरं कारण सांगायला जरा अवघड आहे. मी बियाण्याच्या धंद्यात नोकरी करतो. दिवसभर तोंडात तेच शब्द: लॉट नंबर, उगवण टक्केवारी, डीलरची उधारी, परत आलेला माल. पन्नाशीला आलेल्या माणसाकडं सगळे उत्तर मागायला येतात. त्याला कुठंतरी अडाणी असायची मोकळीक हवी असते. स्पॅनिशमध्ये मी दोन वर्षांचा आहे. 'मी. पाणी. पाहिजे.' एवढं नीट बोललो तरी समोरचा टाळ्या वाजवतो. ऑफिसात असं कधी झालं नाही.

पण सवड कुठून आणायची? मे ते जुलै आमचा खरीप. कापूस, मका, बाजरी, सोयाबीन. या दिवसांत बियाण्याच्या माणसाला स्वतःच्या मुलाची इयत्ता विचारली तरी तो वाणाचं नाव सांगतो. अशात फोनमधल्या भाषा शिकवणाऱ्या अॅपचं एक हिरवं घुबड रोज रात्री आठवण करतं की धडा राहिला, साखळी तुटणार. सासूबाईंचा त्याला सक्त विरोध. रात्री घरात घुबड बोलणं म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीला वेगळं सांगायला नको. ते लक्ष्मीचं वाहन आहे, हा माझा युक्तिवाद त्यांनी एका वाक्यात संपवला, "मग लक्ष्मी घेऊन येऊ द्या, रिकामं कशाला येतं?" साखळीपायी मी काय काय केलं ते सांगत नाही. एका डीलरच्या पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात 'मुलगा सफरचंद खातो' चालू होतं, एवढं नमुन्यादाखल पुरे. शेजारच्या काकूंना वाटलं मी फोनवर पाहून मंगलाष्टकं म्हणतोय. त्यांनी कौतुकानं पाहिलं.

साखळी टिकली. भाषा मात्र सफरचंदाच्या पुढं सरकेना.

अशा वेळी माणूस थोरांची चरित्रं वाचतो. मीही शोधायला लागलो, की आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेल्या कुणी घाईगर्दीच्या वयात स्पॅनिश शिकलंय का? सापडला, पण नेमका आपल्याला हरवून गेलेला. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. (हा आपला वाढदिवस १ मे रोजी साजरा करी आणि जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. नियतीला विनोद कळतो.) हाच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८०८ साली हा ३९ वर्षांचा होता. डोक्यावर एका मोहिमेची जबाबदारी आणि बरोबर नेण्याचं सैन्य आधी दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश मुलखासाठी जमवलेलं. तेवढ्यात नेपोलियननं स्पेन गिळला आणि बेत फिरला, आता जायचं पोर्तुगाल-स्पेनला. वेल्समधल्या लँगोलन गावी राहणाऱ्या ओळखीच्या बाईंनी त्याला स्पॅनिशमधलं प्रार्थनेचं पुस्तक दिलं आणि ते घेऊन हा गृहस्थ जहाजात भाषेचा अभ्यास करत गेला.

जहाजाचं एक बरं असतं. तिथं नळ येत नाही, डीलर येत नाही, 'अहो, गॅस संपलाय' अशी हाक येत नाही. शिवाय पलीकडच्या किनाऱ्यावर लढाई वाट पाहत असली की क्रियापदं आपोआप पाठ होत असावीत. पुढं १८१२ च्या जानेवारीत त्यानं सियुदाद रोद्रिगो हे स्पेनमधलं तटबंदीचं गाव घेतलं आणि स्पॅनिशांनी त्याला त्या गावाचा ड्यूक केलं. मला अजून कुणी साधं 'सेन्योर' म्हटलेलं नाही.

आता आपल्याच मुलखात आपल्याला हरवणाऱ्याकडून स्फूर्ती घ्यावी का, हा प्रश्न मी आठवडाभर चघळला. पण असईच्या लढाईतली एक गोष्ट मला सोडेना. केळना नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. तो म्हणाला, दोन गावं इतकी जवळ आहेत तर माणसं ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असलाच पाहिजे. उतार होता. फौज उतरली आणि पुढचं आपल्याला माहीत आहे.

माझे वाटाडे इंग्रज होते. अॅप, पुस्तकं, व्हिडिओ, सगळे मला मराठीतून आधी इंग्रजीच्या लांबच्या पुलावर नेत आणि तिथून स्पॅनिशच्या काठावर सोडत. आणि त्या पुलावर किती भीती दाखवत! सावधान, स्पॅनिशमध्ये टेबल स्त्रीलिंगी आहे! अरे, आमच्याकडं खुर्ची स्त्रीलिंगी, पलंग पुल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी आहे. तीन लिंगं सांभाळून आम्ही उधाऱ्या वसूल करतो, दोन लिंगांनी कोण घाबरतं? मग दुसरा इशारा: स्पॅनिशमध्ये 'मी चहा आवडतो' असं म्हणत नाहीत, चहा 'मला' आवडतो! यावर इंग्रजी पुस्तकानं आकृत्या काढून काही पानं खर्च केली होती. 'मे गुस्ता एल ते', मला चहा आवडतो. परतूरच्या पोराला हे समजवायला पान कशाला लागतं? कर्ता गाळला तरी क्रियापदावरून माणूस कळतो, हेही म्हणे विशेष. आम्ही 'आलो', 'गेलास', 'जेवली' एवढ्यावर आख्खा दिवस काढतो. 'तू' कुणाला आणि आदरार्थी कुणाला, हा पेच तर आमच्या घरात रोज सुटतो. त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे, ही सूचना वाचून मी मोठ्यानं हसलो.

उतार होता. नीट पाहिला तर घोटाभर पाण्याचा.

एक जागा तेवढी खोल निघाली, ती म्हणजे इच्छा, शंका आणि अनिश्चिती दाखवणारी क्रियापदाची रूपं. सब्जंक्टिव्ह म्हणतात त्याला. इथं भलेभले बुडतात. पण जालन्याच्या माणसाला हाही भाग परका नाही, कारण आमचं पाण्याबद्दलचं सगळं बोलणं याच अर्थात चालतं. 'आज यावं.' 'आलं तर बरं.' 'आलंच तर रात्री येईल.' 'येतं का नाही, कोण जाणे.' जे गाव वर्षानुवर्षं नळाकडं पाहत जगलं त्याला अनिश्चितीचं व्याकरण शिकवावं लागत नाही. 'क्वांदो बेंगा एल आग्वा', म्हणजे पाणी येईल तेव्हा, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की आमच्या हिलाही पाठ झालं. आता धुणं, पाहुणे, फरशी, सगळ्याला ती तेवढंच उत्तर देते.

काही दिवस मी कोलंबियातल्या एका बाईंकडं ऑनलाइन शिकवणी लावली. आपल्याकडं सकाळचे सहा वाजतात तेव्हा त्यांच्याकडं आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात असतात. माझ्या आजच्या चुका कालच्या खात्यात जमा व्हायच्या, त्यामुळं दिवस स्वच्छ सुरू व्हायचा. त्यांनी विचारलं, तुमच्या मनातली एक इच्छा सांगा. मी सांगितलं, पाणी यावं. आणखी एक? पाणी दिवसा यावं. आणखी? पाणी आलं तेव्हा वीजही असावी. बाई भारावून म्हणाल्या, "तुम्ही कविता करता का?"

आमच्याच धंद्यातला दाखला नंतर सापडला. गव्हाचा शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत गेला तेव्हा तिशीचा होता आणि स्पॅनिश त्याला येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. तो शेतात उतरला आणि मजुरांबरोबर राबता राबता बोलायला लागला. त्याच्या गव्हाची बीजं पुढं भारतात आली. १९६६ साली १८,००० टन बियाणं आपण मेक्सिकोतून आणवलं. 'लर्मा रोजो', 'सोनोरा ६४' ही नावं तेव्हाच्या शेतकऱ्यांनी आणि बियाण्याच्या लोकांनी बिनदिक्कत घेतली, उच्चाराची परीक्षा न देता. याच बोरलॉगनं सुरू केलेला वर्ल्ड फूड प्राइझ १९९८ साली जालन्यात 'महिको' ही बियाण्याची कंपनी उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. म्हणजे स्पॅनिश आणि जालना यांची सोयरीक जुनीच आहे. शेठजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "बघा, बोरलॉग गेल्यावरच शिकला."

शेठजींचं म्हणणं धंद्याच्या अंगानं कधी चुकत नाही. वेलस्लीला युद्धानं शिकवलं, बोरलॉगला गव्हानं. आमच्या किराणेवाल्या चाचांना मराठी, उर्दू, मारवाडी आणि कामापुरती तेलुगू येते, ती गिऱ्हाइकानं शिकवली. माझी वाट मात्र कुठलाच किनारा पाहत नव्हता. मग माझी गाडी चालू कशी राहिली? त्याचं श्रेय मी शेजारच्या अण्णांना देतो.

अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसतात आणि मी गाडी काढायला आलो की विचारतात, "काय, कुठवर आलं स्पॅनिश?" त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही, पण तिकीट तपासल्याशिवाय माणूस सोडायचा नाही ही सवय हाडात आहे. "मग सांगा, 'एसटी आली' कसं म्हणाल?" 'एल आउतोबुस येगो.' "छान. आता 'उशिरा आली'?" एवढं विचारून स्वतःच हात वर करून थांबवतात, "नाही, नाही, तसलं शिकू नका. 'वेळेवर आली' म्हणा." 'एल आउतोबुस येगो आ त्येंपो.' अण्णा पसंतीची मान हलवतात. अख्खा भूतकाळ मी असा एसटीत बसून शिकलो. जालना-अंबड, जालना-मंठा, जालना-देऊळगाव राजा, सगळ्या गाड्या स्पॅनिशमध्ये सुटल्या, पंक्चर झाल्या, पोचल्या. आणि सगळ्या वेळेवर.

अण्णांची मार्क द्यायची पद्धत सरळ आहे. न अडखळता बोललं की पास. अडखळलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं, "साहेबांचं स्पॅनिश आज जरा ढिलं होतं." या एका वाक्याच्या धाकानं मी जुलैतसुद्धा रात्री पुस्तक उघडलं. घुबडाला मी बंद करू शकतो. अण्णांना बंद करायचं बटण नाही.

म्हणून धडपडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की हुरूप आतून येईल म्हणून वाट पाहू नका. गल्लीतल्या सगळ्यात बोलक्या माणसाला आजच सांगून टाका. आणि एक विनंती. कुणी खरा स्पॅनिश बोलणारा माणूस जालन्यावरून जाणार असेल तर कृपा करून कळवा. चहा माझ्याकडं, प्रश्न अण्णांकडं. फक्त नळाचा दिवस टाळून या.