टोपीवाला ओ

पीएच.डी. करताना दोन माणसांना दुखवू नये : मार्गदर्शक आणि प्रबंध टाइप करणारे भाऊ. मी भाऊंना जपलं. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात जो जुना फॉन्ट होता, त्यातच सगळं टाइप करून घेतलं. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत त्याचं फळही मिळालं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. माझं शून्य आलं. संगणकाला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण सरांनी पेढे मागितले आणि मी दिले.

माझा विषय, उर्दू माध्यमातल्या पाचवीच्या मुलांची मराठी. त्यासाठी कवी वली दखनीच्या या गावासारखं गाव नाही. इथली दखनी उर्दू मराठीला इतकी खेटून वाढलीय, की 'नक्को' आणि 'ऐसाच' म्हणणाऱ्या पोराला निम्मी मराठी घरबसल्या येते. घोडं अडतं ते उरलेल्या निम्मीत. उर्दूत नपुंसकलिंग नाही आणि 'किताब' बाई, म्हणून वहीत 'पुस्तक मोठी आहे'. ळ नाही, म्हणून 'शाला'. २०२० च्या कायद्यानं सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. ळ मात्र कायद्याला जुमानत नाही.

सादरीकरणाच्या दिवशी विभागाच्या संगणकात भाऊंचा फॉन्ट नव्हता. पडद्यावर टोपी घातलेला ओ, शेपूट फुटलेला सी, मध्येच डॉलर. मला घाम फुटला. तेवढ्यात बाहेरून आलेले तज्ज्ञ चष्मा सारत पुढे झुकले.

"वा! मुलांचे उच्चार थेट ध्वनिलिपीत? आपल्याकडे एवढे कष्ट कोणी घेत नाही."

माझे सर माझ्याकडे बघत राहिले. मी पडद्याकडे.

"हा टोपीवाला ओ म्हणजे मुलांचा ळ का?"

"हो सर. ळ आणि ल यांच्या मधला."

बाकीचे संशोधक विद्यार्थी ते उतरवून घेऊ लागले. त्यांना हजेरीसाठी बसवलेलं होतं, तरी उतरवून घेत होते! मग मला चेव चढला. शेपटीच्या सीला मी दखनीचा 'ख' केलं, डॉलरला श्वास. नपुंसकलिंगाचा माझा खरा निष्कर्ष मी स्वच्छ मराठीत सांगितला, तेव्हा मात्र दोघांनी घड्याळ पाहिलं.

शेवटच्या स्लाइडवर नुसतं 'आभार' होतं आणि खाली सरांचं नाव.

"हा नमुना सर्वांत गुंतागुंतीचा दिसतो," तज्ज्ञ म्हणाले. "जरा म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवला. माझ्या मार्गदर्शकांनी स्वतःचं नाव अशा उच्चारात आजवर ऐकलं नसावं. चहा आला म्हणून वाचले.

अहवालात शेरा आला : प्रबंध उत्तम, फक्त ध्वनिलिपीतील सर्व नमुने परिशिष्टात जोडावेत. मी मोबाइलवर काढलेले पडद्याचे फोटो घेऊन भाऊंकडे गेले. त्यांनी ते मोठे करकरून पाहिले.

"मॅडम, बिघडलेलं नीट करायचे पानाला वीस रुपये घेतो. नीट असलेलं असं बिघडवून द्यायचे चाळीस पडतील."