गुरुवारी चारपर्यंत

आमच्या सोसायटीत एक कवी राहतात. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांची चारोळी ग्रुपवर पडते. दूधवाला एखाद्या दिवशी खाडा करतो, चारोळी करत नाही. पाऊस आला की पावसावर, टाकी धुवायची असली की टाकीवर, आणि परवा लिफ्ट बंद पडली तेव्हा 'उंची' या विषयावर. मी एकदा भीतभीत म्हटलं, "काका, एखादी दोन दिवस ठेवून बघा ना." ते म्हणाले, "ठेवली की वास येतो."

तिसऱ्या मजल्यावर दुसरा प्रकार. तिथले माझे स्नेही १९८४पासून एक कादंबरी लिहीत आहेत. पहिल्याच पानावर गिरणीचा भोंगा वाजतो. लिहायला घेतलं तेव्हा गिरण्यांचा संप होऊन दोनच वर्षं झाली होती, भोंगा म्हटल्यावर वाचकाच्या पोटात कालवलं असतं. मग ते वाक्य घोटण्यात वीसेक वर्षं गेली. तोवर गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला. आताच्या वाचकाला भोंगा म्हणजे काय ते तळटीप देऊन सांगावं लागणार, म्हणून सध्या ते तळटीप घोटत आहेत.

हे दोघे एकमेकांना लेखक मानत नाहीत. मला तर दोघेही मानत नाहीत. मी आठवड्यातून एकदा लिहितो, त्यामुळे काकांच्या लेखी आळशी आणि तिसऱ्या मजल्याच्या लेखी उठवळ.

आधार मात्र दोघांनाही समर्थांचाच. रोज काहीतरी लिहीत जावं असं समर्थ सांगून गेलेत, म्हणून काका लिहितात. (आम्हा बाकीच्यांना त्यातलं 'रोज' पेलत नाही, 'काहीतरी' तेवढं आम्ही निष्ठेने पाळतो.) पण त्याच समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लिहावं कसं, एवढ्याचसाठी खर्ची घातला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, शाई एकसारखी काळी हवी, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिलंय असं वाटलं पाहिजे. हे वाचून तिसऱ्या मजल्याने एकसारखी बारा पेनं आणून ठेवली. तो समास अक्षराबद्दल आहे, मजकुराबद्दल नाही, हे सांगायची माझी छाती होत नाही.

घोटण्याचा मराठीतला मोठा कारखाना गिरगावात होता, खटाववाडीत. श्री. पु. भागवतांच्या 'सत्यकथे'कडून कथा परत यायची ती दुरुस्त्या सुचवणाऱ्या पत्रासकट. पुन्हा लिहा, पुन्हा पाठवा, पुन्हा पोस्टमनची वाट बघा. १९६९ साली चिडलेल्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळीच केली. त्या पिढीची स्वतःची लघुअनियतकालिकं होती. पैसे नव्हते, मग सायक्लोस्टाइलवरही अंक निघायचे. आता घाईचं राज्य येणार असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याच गोतावळ्यातल्या अरुण कोलटकरांनी पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ साली दिला आणि पुढच्यासाठी वाचकांना पाव शतकाहून जास्त थांबवलं. मला हेवा वाटतो तो त्या 'अनियतकालिक' शब्दाचा. काय सोय करून ठेवलीय! संपादकाचा फोन आला की एवढा एकच शब्द उच्चारायचा आणि फोन ठेवायचा.

बरं, घाईला नावं ठेवावीत तर हरिभाऊ आपटे आडवे येतात. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली आणि अजून टिकून आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या, पण तो आधार तिसऱ्या मजल्याला सांगू नका. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांना पेन निवडायला कधी वेळ मिळाला असेल?

दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा सवडीने लिहायची संधी मिळत आली आहे. पत्र येतं मे महिन्यात. आषाढात विषय सुचतो, श्रावणात तो बदलतो, गणपतीत संपादक आठवण करतात आणि पितृपक्षात एका रात्री कथा लिहून होते. पाठवताना सोबत चिठ्ठी: 'बरेच महिने मनात घोळत होतं.'

माझ्यापुरतं सांगायचं तर या लेखातलं एक वाक्य मी अकरा दिवस घोटलं आहे. बाकीचा मजकूर आज जेवणानंतर उरकला, कारण गुरुवारी चारपर्यंत द्यावा लागतो. ते वाक्य अगदी शेवटी ठेवलं होतं. तीन पन्नासला लेख पाठवला, चार वाजून पाच मिनिटांनी पुरवणीतल्या मुलीचा फोन आला.

"सर, खाली सराफांची जाहिरात आलीय. शेवटच्या सहा ओळी काढल्या. पण लेख मध्येच तुटल्यासारखा वाटतोय. पाच मिनिटांत काहीतरी लिहून द्याल?"

देतो म्हटलं.

"आणि सर, तो भोंग्याचा भाग मस्त जमलाय. किती दिवस घोटलात?"