एक-तीन-चार-दोन

सासऱ्यांची फियाट सांगलीच्या गावभागात, वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. ती साताऱ्याला नेऊन मी स्वतःच्या हातांनी चालू करतो, असं एकदा मी जेवताना बोलून गेलो तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही. सासऱ्यांनी फक्त मला आणखी आमटी वाढायला सांगितली. जावयाला अडवू नये, एवढं त्यांच्या पिढीला कळत होतं.

माझा हिशेब साधा होता. गाडी फियाट अकराशे डिलाइट, वालचंद शेठजींच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बांधलेली. हिचंच पुढे सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' असं बारसं झालं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती गल्लोगल्ली फिरली, तेव्हा सुट्या भागांना तोटा नाही. इंजिन 1089 सीसीचं, सिलिंडर चार, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. शिवाय आमचा सगळा मुलूखच लोखंडाच्या हाताचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर कारखाना काढून ओसाड रानाची किर्लोस्करवाडी केली, आणि 'प्रिया' स्कूटर तर आमच्या साताऱ्यातच तयार व्हायची. म्हणजे कृष्णेच्या पाण्यातच काहीतरी असणार. पण आमच्या घरी पाणी उकळून पितात.

शेडचं दार उघडलं तेव्हा कळलं की 2005 च्या पुरात कृष्णामाई गाडीत बसून गेली होती आणि उतरताना गाळ तिथेच ठेवून गेली होती. मागची सीट उचलली तर खाली एरंडाचं रोप, तेही चांगलं हातभर वाढलेलं. टेम्पोत घालून आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका असं निघालो तेव्हा खड्ड्यागणिक गाडीचा काहीतरी भाग सुटून टेम्पोच्या फळ्यांवर खणखणत होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा दमानं घ्या." तो म्हणाला, "साहेब, मी दमानंच घेतोय. रस्ता घेत न्हाई."

घरी पोचल्यावर मी गाडी खोलायला घेतली. खोलणं मला फार सुंदर जमतं. बँकेत उभा जन्म गेलेला असल्यामुळे प्रत्येक नट-बोल्ट जागच्या जागी राहावा म्हणून मी बायकोचं इडलीपात्र बाहेर आणलं. वरच्या थाळीत कार्ब्युरेटर, मधल्या थाळीत डिस्ट्रिब्युटर, खालच्या थाळीत डायनामो, अशी खाती पाडली, आणि रात्री पाऊस आला म्हणून ते सगळं तसंच उचलून ओट्यावर ठेवलं. सकाळी बायकोने अर्धवट झोपेत, पाहुणे यायचे म्हणून, ते पात्र घासायला टाकलं. कार्ब्युरेटरचा एक पितळी जेट त्यानंतर मोहरीच्या डब्यात सापडला, एक स्प्रिंग मोरीच्या जाळीत, आणि एक वायसर पाहुण्यांना उपम्यात. पाहुणे भले. त्यांनी तो काजूसारखा बाजूला काढून ठेवला.

इंजिन कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन बोअर करून आणलं. तिथल्या लेथवाल्याने त्यावरून बोट फिरवलं आणि "कोणी खोललं हे?" असं विचारलं. मी मेव्हण्याचं नाव सांगितलं.

मग जोडणी. बँकेत एक रुपयाचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत ताळा जुळवत बसणारा मी, इथे इंजिन पूर्ण बसवल्यावर सूपभर नट-बोल्ट शिल्लक! मी ते 'किरकोळ जमा' धरून डब्यात भरले आणि प्लगच्या वायरी लावायला घेतल्या. आता गंमत अशी, की क्रँकवर धक्के सारखे बसावेत म्हणून या इंजिनात ठिणगी एक-दोन-तीन-चार अशी पडत नाही; एक-तीन-चार-दोन अशी पडते. हे पुस्तकात छापलेलं होतं आणि मी वाचलेलंही होतं. पण आमच्या काउंटरवर दोनच्या आधी तीनचं टोकन पुकारलं तर मारामारी व्हायची. मी छपाईची चूक धरली, पेन्सिलीने दुरुस्त केली आणि क्रमाने वायरी लावून सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून जाळ आला, सायलेन्सरमधून असा बार उडाला की पारावरची कबुतरं थेट अजिंक्यताऱ्याकडे गेली, आणि शेजारचे काका गॅलरीत येऊन म्हणाले, "कोण निवडून आलं हो?"

गाडी पहिल्यांदा चालली ती इंजिनाशिवाय. समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतार आहे, आणि हँडब्रेकची केबल त्या डब्यातल्या किरकोळ जमेवर अवलंबून होती. वाटेत एका बांधकामाची वाळू पडली होती म्हणून हे लिहायला मी आहे. परत वर ढकलून आणणाऱ्या पोरांनी मिसळ मागितली. पावाच्या किती लाद्या गेल्या ते विचारू नका.

2019 साली सांगलीत 2005 पेक्षाही मोठा पूर आला. टीव्हीवर गावभाग पाण्यात बघून मी म्हटलं, "बघ, वेळेवर आणली म्हणून वाचली." बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, तिथं असती तर निदान जागची हलली तरी असती."

यावर कडी म्हणजे देवराष्ट्र्याच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, आणि 2022 च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी ती घेऊन त्याला बोलेरो दिली. ती बातमी आमच्याकडे मोठ्याने वाचली गेली. त्यांनी भंगाराची गाडी केली. मी विरुद्ध दिशेने बराच पुढे आलो होतो.

तरी गाडी आता चालते. थंडीत चोक ओढून, उन्हाळ्यात हात जोडून. म्हणून हल्लीच नव्या नियमाने अर्ज करायचं ठरवलं. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची मानाची पाटी मिळते, नव्या नोंदणीला फी 20 हजार, अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. मिस्त्रींना तपासायला बोलावलं. त्यांनी चष्मा लावून गाडीला प्रदक्षिणा घातली. दारं मुंबईच्या टॅक्सीची, काचा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या, कार्ब्युरेटर पद्मिनीचा, सीट एका मोडीत निघालेल्या जीपच्या, पत्रा बराचसा लांबीचा.

"मिस्त्री, मूळ गाडीतलं काय राहिलंय?"

ते बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून बघत होते.

"हॉर्न हाय की साहेब, कंपनीचा," ते म्हणाले. "पण वाजत न्हाई. बदलू का?"