मॅरेथॉनमध्ये आशा कशी शोधावी : वडूज परिसरातील इच्छुकांसाठी सूचना

धर्मादाय कामासाठी मॅरेथॉन पळणाऱ्याला वाटेत आशा सापडते, असा समज सध्या सर्वत्र आहे. ती कितव्या किलोमीटरला सापडते, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे नवखा माणूस तिला भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. खटाव-माण भागातल्या इच्छुकांचा वेळ आणि गुडघे वाचावेत, म्हणून या सूचना. प्रथम बूट घ्यावेत, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. पहाटे दहिवडी रस्त्याला पळू लागल्यावर ‘यष्टी चुकली काय?’ अशी विचारणा होईल. उत्तर न देता दम वाचवावा. वेगाची काळजी सोडावी. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा देश घड्याळाकडे बघत होता. तुमच्या वेळी घरचेही बघणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आता मुख्य मुद्दा. 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 साली लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंत ठरलं. पळणाऱ्याच्या पायांचं मत त्यात घेतलेलं नव्हतं. साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे शरीरातला साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात आणि ‘हे आपल्याला कोणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न पडतो. आशा अंतःकरणातून उसळून येते असं मानणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण अंतःकरण त्या वेळी दुसऱ्या कामात असतं. तेव्हा ती अंगात शोधूच नये. ती देणगीच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीत असते. आपण काढलेल्या पावत्यांवर किती वेगवेगळी नावं आहेत, हे पाठ असावं. एकूण रक्कम विसरली तरी चालेल.

पुरावा दूरच्या देशातून घेऊ. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. 12 एप्रिल 1980 रोजी तो कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकापासून धावू लागला. रोज जवळपास एक मॅरेथॉन. कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवणं, एवढाच त्याचा हेतू होता. सुरुवातीचा प्रतिसाद थंड होता. मग पोर्ट ओ बास्क नावाच्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजारांहून अधिक डॉलर दिले, आणि प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर ही कल्पना खरी ठरू शकते हे त्याला दिसलं. एखाद्या धनिकाने तेवढीच रक्कम एकट्याने दिली असती, तर पैसे आले असते, पण काहीच सिद्ध झालं नसतं. कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने 143 दिवसांनंतर, 5,373 किलोमीटरवर तो थांबला. जून 1981 मध्ये गेला. त्याआधीच निधी 2 कोटी 40 लाख डॉलरच्या पुढे, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या घरात पोहोचला होता.

माणशी थोडं थोडं मागणं आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे गावोगावी मुष्टिफंड जमवला : घरच्या धान्यातली एक मूठ पोरांच्या शिक्षणासाठी बाजूला. मुठीने कोठार भरायला वेळ लागतो, पण जिने मूठ काढली ती बाई वसतिगृहातल्या पोरांचं पुढे काय झालं हे विचारणारच. देणाऱ्याचा हा लागलेला जीव म्हणजेच आशा. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथावर नोटांच्या माळा चढतात, त्यावरूनही उपयुक्त बोध घ्यावा : आपल्या भागातला माणूस घरी येऊन मागणाऱ्याला टाळेल, पण जे श्रद्धेने पुढे सरकतंय त्याच्यासाठी खिशात हात घालतो. मात्र पळणाऱ्याने स्वतःला रथ समजू नये. चौकात स्वतःचा फ्लेक्स लावल्यास त्याचा खर्च देणगीतून वजा करू नये.

शंकेखोर म्हणतील : बूट, टी-शर्ट, प्रवास यांवर उडवायचे पैसे थेट देऊन टाका, घाम कशाला? हिशेब बिनतोड आहे. अडचण एवढीच की थेट दिलेले पैसे एकाचे असतात. पळणारा शंभर जणांच्या दारात जातो, आणि तो कष्ट घेतोय हे दिसल्यावर दहा रुपये देणाऱ्यालाही आपण यात आहोत असं वाटतं. दुसरी शंका जास्त टोकदार आहे. दवाखाना, शाळा, पाणी ही सरकारची कामं. तुम्ही पळून त्यांतली हयगय झाकता. ही शंका खोटी नाही. बारामतीजवळच्या लता करे यांनी साठी उलटल्यावर, पतीच्या उपचारांसाठी, नऊवारीत अनवाणी धावून शर्यतीचं बक्षीस मिळवलं. त्यावर चित्रपट निघाला, राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. त्यांच्या जिद्दीला नमस्कार करावा. पण तपासणीचे पैसे शर्यत जिंकून आणावे लागणं, याला आशा म्हणू नये. दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये म्हणून जो पळतो, त्याने वर्गणीसोबत हा प्रश्नही दारोदार न्यावा. दहा रुपयांचा हिशेब मागायची सवय लागलेला माणूस पुढे कराचाही हिशेब मागतो. पायी जाऊन कचेरीला जाब विचारणं वडूजला शिकवावं लागत नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी इथल्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चाने गोळ्या झेलल्या आहेत.

शेवटची सूचना सर्वांत कठीण असून ती शर्यतीनंतर लागू होते. सत्कार, फेटा, नारळ यांपैकी जे मिळेल ते नम्रपणे घ्यावं आणि लवकर आटपावं. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही, चालेल. पण आठवड्याच्या आत जमा किती, खर्च किती आणि पैसे कुठे गेले याचा कागद बाजारात, सगळ्यांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा. तो वाचून एखाद्याने चूक काढली, तर समजावं की आशा सापडली. चूक दुरुस्त करावी आणि पुढच्या वर्षीची पहिली पावती त्याच्याच नावाने फाडावी.