सिंह आला, पण गड राहिला!

ऐकलंत का? आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मंडळी काल रात्री राजमाचीहून परतली, आणि लिफ्टमधून आधी बाहेर आलं ते त्यांचं कुत्रं. तेही पोटाशी बांधलेल्या झोळीतून! आमच्या वेळी त्या झोळीत तान्ही बाळं असायची हो. मालक घामाघूम, मालकीणबाई लंगडतायत आणि स्वारी मात्र ताजीतवानी, सगळ्यांकडे बघून जांभया देतेय.

पुण्यात हल्ली हे खूळच निघालंय. पूर्वी माणूस गडावर जायचा तो दशम्या आणि पाण्याची बाटली घेऊन. आता शनिवारी पहाटे गाड्या निघतात त्यांच्या खिडक्यांतून पॉमेरेनियन डोकावतात. परवा तर एक डॅशहाउंड पाहिला. जिन्याच्या पायरीला ज्याचं पोट घासतं, त्याला म्हणे सह्याद्री दाखवायचाय! सामान विचारूच नका. चार पायांना चार बूट, रेनकोट, पाण्यासाठी घडीचा वाडगा, दहीभाताचा डबा. मालकांसाठी? बिस्किटांचा एक पुडा, त्यातलाही अर्धा कुत्र्याच्या पोटात.

आणि या तिसऱ्या मजल्यावरच्यांचा आहे शित्झू. चिनी भाषेत या नावाचा अर्थ चक्क सिंह! (शोधून काढलं मी. चर्चा करायची तर माहिती पक्की हवी.) राजवाड्यात लाडाकोडात वाढलेली ही जात. कुत्रं अंग निववतं ते धापा टाकून, आणि याचं नाक इतकं चपटं की तेही धड जमत नाही. अशाला लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधराएक किलोमीटर चालवणार होते. का, तर "जरा निवांत व्हायला". पहिला किलोमीटर महाराज चालले, दुसऱ्यात त्यांनी लाल मातीत फतकल मारली. पुढचं अंतर कुणी कुणाला वाहून नेलं, ते बाईंच्या लंगडण्यावरून ओळखा. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या वाटेवर कुत्रं गेलं, पण ते निदान स्वतःच्या पायांनी गेलं!

मुक्काम उधेवाडीत. पिठलं-भाकरी वाढणाऱ्या मावशींनी बूट बघून काळजीनं विचारलं म्हणे, "पायाला लागलंय का वो त्याच्या?" तिथलंच एक तांबडं गावठी कुत्रं, फाटक्या कानाचं, दुसऱ्या दिवशी आपणहून यांच्या पुढे चालू लागलं. वळणावर थांबायचं, मागे वळून बघायचं, मंडळी दिसली की पुन्हा पुढे. गडाच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याच्या माथ्यापर्यंत वाट दाखवली त्यानं, अर्ध्या भाकरीवर. मालक एकटेच त्याच्या मागून जाऊन आले. सिंह खाली बाईंच्या झोळीत घोरत होता.

हे सगळं मला कसं कळलं? रात्री साडेदहाला दार वाजलं. "काकू, चिमटा आहे का?" आता शेजारधर्म म्हटल्यावर जायलाच हवं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर सिंह उताणा. केसांत कुसळं, आघाड्याची बोंडं, आणि कानामागे गोचीड, एरंडीच्या बीएवढी टम्म फुगलेली. मालक ती बोटांनी चिरडायला निघाले होते! म्हटलं, थांबा, चिरडू नका. चिमटा कातडीलगत धरा आणि सावकाश सरळ ओढा. मग नीट लक्ष ठेवा. जेवण टाकलं, ताप आला, तर लगेच डॉक्टरकडे. गोचीडतापाशी खेळ नको. कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. आरडाओरडा झाला तो दुसऱ्या गोचिडीच्या वेळी. ती मालकांच्या पोटरीवर होती.

एवढं होऊन बाई म्हणतात, "पुढच्या महिन्यात तिकोना करायचाय." मी कपाळाला हात लावला. मग निघताना त्या झोळीची किंमत तेवढी विचारून ठेवली. तशी आमची चिंगी हलकीच आहे, पॉमेरेनियन असून चार किलोसुद्धा भरत नाही. सहज विचारलं हो.