नगर जिल्ह्यात विश्वाचा अंत कसा लांबवावा

चार मित्रांना शनिवारी रात्री घरी बोलावून, चहा पाजून, पद्धतशीर वेडं करायचं असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. खेळाचं नाव ‘कॉल ऑफ कथुल्हू’. लव्हक्राफ्टच्या भयकथांवरून सँडी पीटरसन यांनी तो रचला आणि १९८१ साली अमेरिकेतल्या केऑसियम कंपनीने काढला. एकजण ‘कीपर’ होऊन प्रकरण सांगतो, बाकीचे शोधक होऊन त्यात नाक खुपसतात. जमलं की नाही हे दहा बाजूंचे दोन फासे ठरवतात. भयंकर काही दिसलं की सॅनिटीचे गुण उतरतात, आणि जितकं खरं कळेल तितकी शुद्धीवर राहण्याची कमाल मर्यादाच खाली येते. जमिनीच्या दाव्यात दोन पिढ्या घालवलेल्या घरांत हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

प्रकरणं तयार छापील मिळतात. १९८४ चं ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ तर न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असं फिरवून आणतं. नवशिक्यांना मात्र बॉस्टनच्या झपाटलेल्या घराचं प्रकरण देतात. ते जसंच्या तसं इकडे आणू नये. तिथे शोधक वर्तमानपत्राचं दफ्तर, ग्रंथालय, नोंदणी कार्यालय अशा फेऱ्या मारून घरात आधी कोण राहत होतं ते हुडकतात. आपल्याकडे ही माहिती पारावर फुकट मिळते, तीही तीन परस्परविरोधी आवृत्त्यांत. म्हणून कीपरने माहिती लपवू नये, भरमसाट द्यावी. “वाड्यात काही नाही पाव्हणं, पण दिवस मावळायच्या आत माघारी या,” एवढं म्हणणारे एक बाबा पुरतात.

कागद लागलेच, तर तलाठी कार्यालय आहे. इथे जुन्या छापील प्रकरणांचा खरा दोष सांगतो: महत्त्वाचा धागा फाशावर टांगलेला असतो, फासा चुकला की प्रकरण तिथेच बसतं. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ पद्धतीने २००७ पासून हे बंद केलं. योग्य कौशल्याचा माणूस योग्य जागी गेला की धागा मिळतोच. मला हे पटतं. फेरफाराचा उतारा मिळालाच पाहिजे. फासा टाकायचा तो तलाठी भाऊसाहेब तालुक्याच्या मीटिंगहून किती वाजता परततात यासाठी. अंधार पडल्यावर परतले तर उत्तम.

स्थळ निवडताना शनिशिंगणापूर टाळा. जिथे घरांच्या चौकटींना दारं न लावण्याची परंपरा आहे आणि २०११ साली युको बँकेनेही बिनकुलपाची शाखा उघडली, तिथे ‘दार करकरत उघडलं’ हे वाक्य वाया जातं. नियमपुस्तकातलं कुलपं उघडण्याचं कौशल्यही.

खेळाचा आवडता काळ १९२० चं दशक. जिल्ह्यातलं भंडारदऱ्याचं धरणही त्यातलंच, १९२६ साली पूर्ण झालं. पाण्याखाली काय गेलं ते कीपरने ठरवावं. पुराव्याच्या कागदांवर जिल्ह्याचं नाव जपून लिहावं. नामांतर २०२४ चं आहे. १९२६ च्या पत्रावर ‘अहिल्यानगर’ दिसलं तर पत्र बनावट, आणि हा धागा शोधकांना आयता द्यायला हरकत नाही.

भयासाठी मात्र काही रचू नये. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. ती माणसं मृतांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल असेल तर तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले सापडले. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली जमीन खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा काशाच्या मूर्ती निघाल्या. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अजून एकमत नाही. कीपरने हे शांतपणे वाचून दाखवावं आणि पंखा बंद करावा.

नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेले खेळाडू शेवटी त्यांतले ‘समर्थ’ सोडवायला येतील म्हणून वाट पाहत बसतात. त्यांना आधीच सांगावं, या खेळात कुणी येत नाही. अघोरी पंथ दिसला की अमेरिकन शोधक डायनामाइट काढतात. प्रकरण आजच्या काळातलं असेल, तर आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली जाते का, यासाठी फासा टाकावा. सॅनिटीचे गुण इथेही उतरतात.

शेवट अकोले तालुक्यात करावा. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत भल्या मोठ्या शिवलिंगाभोवती बर्फगार पाणी आहे. खांब चार होते, त्यातला एकच धड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, आणि हा पडला की जग संपणार, असं लोक सांगतात. लव्हक्राफ्टला एवढ्यासाठी पॅसिफिकच्या तळाशी एक शहर बुडवावं लागलं. आपल्याला पाचनईहून दोन-तीन तासांची चाल पुरते. खेळाडूंना प्रत्यक्ष नेणार असाल तर पावसाळ्यात गुहेत उतरवू नका, आणि फोटोसाठी कुणालाही त्या खांबाला टेकू देऊ नका.